भाडेकरूची चौकशी

घर भाड्याने द्यावयाचे झाले की आपला बेळगावचा घरमालक बहुधा दोहोंपैकी एक करतो. माणसाचे बोलणे ऐकून भुलतो, नाहीतर आडनाव ऐकून दचकतो. यांपैकी कशालाही चौकशी म्हणता येणार नाही. खरी चौकशी कोणाकडे व कशी करावी, याचा आज थोडा विचार करू.

आपल्या गावी बिऱ्हाड शोधीत येणारे लोक पुष्कळ प्रकारचे. वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी, उद्यमबागेतील कारखान्यांत काम करणारे, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रामुळे येणारी सैनिकांची कुटुंबे. मालकाने जाणून घ्यायच्या गोष्टी मात्र सर्वांच्या बाबतीत तीनच. हा मनुष्य सांगतो तोच आहे काय? भाडे देण्याइतकी त्याची मिळकत आहे काय? आणि याआधीचे घर त्याने कसे राखले?

पहिल्याचे उत्तर ओळखपत्र देते. मूळ पत्र डोळ्यांनी पाहावे. जवळ ठेवण्यास आधारची शेवटचे चारच अंक दाखविणारी प्रत पुरते. दुसऱ्याचे उत्तर विद्यार्थ्याच्या पालकांकडे किंवा नोकरदाराच्या कचेरीत मिळते. कचेरीत विचारण्यापूर्वी भाडेकरूची संमती घ्यावी, पण दूरध्वनी क्रमांक स्वतः शोधावा. त्याने दिलेल्या क्रमांकावर 'साहेब' म्हणून बोलणारे गृहस्थ त्याचे मित्रही असू शकतात.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तो पूर्वीच्या घरमालकाला विचारावयाचा. परंतु सध्याचा मालक हा निःपक्षपाती साक्षीदार नव्हे. भाडेकरू त्रासदायक असेल, तर तो एकदाचा जावा म्हणून मालक त्याची स्तुती करील. चांगला असेल, तर जाऊ नये म्हणून हात राखून बोलेल. त्याच्याही आधीच्या मालकाला यातून काही साधावयाचे नसते. म्हणून शक्य तर त्याला गाठावे. तो खरोखर मालकच आहे ना, हे त्या घराच्या जुन्या वीजबिलावरील नावावरून पुष्कळदा कळते. प्रश्न विचारताना उत्तर आपणच पुरवू नये. "पाच हजार भाडे वेळेवर देत होते ना?" असे विचारले की "हो" म्हणणे सोपे. "भाडे किती होते? किती वर्षे राहिले? अनामत रकमेतून काही कापावे लागले का?" असे विचारले म्हणजे तोतया अडखळतो.

मिळालेले उत्तरही तोलून पाहावे लागते. काही वर्षांपूर्वी बदली झाल्यामुळे मी घर शोधीत होतो. एके ठिकाणी सारे जमले, पण मी आडनाव सांगितले आणि ते घर एकाएकी नातेवाइकांसाठी राखलेले निघाले. पुढे महिनाभर 'भाड्याने देणे आहे' ही त्या घरावरची पाटी मी शाळेत जाता-येता वाचीत होतो. दुसऱ्या घराच्या आजींनीही आडनाव विचारले, पण ते वहीत टिपून घेण्यासाठी. माझ्या जुन्या मालकांना त्यांनी माझ्यासमोरच दूरध्वनी केला. ते म्हणाले, "भाड्याची तक्रार नाही. पण नळ गळतो, नळ गळतो म्हणून सारखे मागे लागायचे." मी ओशाळलो. आजी मात्र हसल्या. म्हणाल्या, "नळ गळतोय म्हणून सांगणारा बिऱ्हाडकरू बरा, मास्तर. न सांगणाऱ्यानं माझी भिंत घालवली." त्या घरात मी नऊ वर्षे राहिलो.

अनेक शहरांत भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचे आदेश वेळोवेळी निघतात. आपल्याकडे कोणता लागू आहे, हे ठाण्यातच विचारावे. मात्र पोलीस तपासणीतून नोंदलेले गुन्हे कळतील. भाडे वेळेवर येईल की नाही, हे कळणार नाही.

करार लेखी हवाच. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा त्यातूनच रूढ झाली. पण ज्यांनी पुण्या-कोल्हापुरात सदनिका घेतल्या आहेत, त्यांनी तेथे या प्रथेवर विसंबू नये. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने तेथे असा करार लेखी करून नोंदविणे आवश्यक केले असून ती जबाबदारी मालकावर टाकली आहे.

अलीकडे एक नवी फसवणूक निघाली आहे. 'मी सैन्यात आहे, घर न पाहताच अनामत पाठवितो' असे सांगून ठक मालकाला मोबाईलवर एक चौकोनी चिन्ह पाठवितो व ते स्कॅन करावयास लावतो. मालकाने गुप्त पिन दाबला की त्याच्याच खात्यातून पैसे जातात. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, एवढे ध्यानी ठेवावे.

चौकशी दोन्ही बाजूंनी व्हावी. भाडेकरूने घरपट्टीची पावती पाहण्यास मागितली, तर राग मानू नये. घर खरोखर तुमचे आहे, याची खात्री करून घेण्याचा त्यालाही अधिकार आहे. आणि तुमच्या घरातून गेलेल्या माणसाविषयी उद्या एखाद्या अपरिचित मालकाने विचारले, तर खरे तेच सांगावे. तुमच्या एका शब्दावर एका कुटुंबाला छप्पर मिळणार असते किंवा नाकारले जाणार असते.