कॉफीची चव

कॉफीची चव ही जिभेला कळणाऱ्या मूलभूत चवी, नाकाला कळणारा गंध आणि तोंडातील स्पर्श यांतून घडणारी एकत्रित जाणीव होय. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या पाच मूलभूत चवी मानल्या जातात. यांपैकी उमामी ही चव जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये वेगळी ओळखली. बिनदुधाच्या, बिनसाखरेच्या कॉफीत कडू आणि आंबट या दोनच चवी ठळकपणे जाणवतात.

चवीचे ज्ञान

जिभेवरील रुचिकलिकांमधील पेशींवर ग्राही प्रथिने असतात. पेयातील रेणू त्यांना चिकटले की चेतातंतूंमार्फत मेंदूकडे संदेश जातो. गोड चवीसाठी मानवात मुख्यतः एकच ग्राही आहे. कडू चवीसाठी मात्र सुमारे २५ प्रकारचे ग्राही आहेत. त्यांच्या जनुकांत व्यक्तिपरत्वे फरक असल्यामुळे एकाच भांड्यातील कॉफी एकाला कडूजहर, तर दुसऱ्याला सौम्य वाटू शकते.

जिभेचे टोक गोड चवीचे आणि मागचा भाग कडू चवीचा, अशी विभागणी दाखवणारा नकाशा अनेक पाठ्यपुस्तकांतून छापला गेला. तो चुकीचा आहे. १९०१ मध्ये जर्मन संशोधक हेनिग यांनी संवेदनशीलतेतील जे किंचित फरक नोंदवले होते, त्यांचाच पुढे विपर्यास झाला. कडू कॉफीचा थेंब जिभेच्या टोकावर ठेवूनही हे पडताळता येते.

कडूपणा

कॉफीचा कडूपणा कॅफीनमुळे येतो, हा समज अर्धवट खरा आहे. कॅफीन कडू असते, परंतु एकूण कडूपणात त्याचा वाटा लहान असतो. म्हणूनच कॅफीन काढून टाकलेली कॉफीही कडू लागते. बिया भाजताना त्यांतील क्लोरोजेनिक आम्लांपासून प्रथम लॅक्टोने तयार होतात व त्यांचा कडूपणा सुसह्य असतो. भाजणे पुढे चालू राहिल्यास त्यांपासून फेनिलइंडेने बनतात आणि चव जिभेवर रेंगाळणारी, उग्र होते. रोबस्टा जातीत कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते. चिमूटभर मिठाने कडूपणा दबतो, कारण सोडियमचे आयन कडू चवीची जाणीव मंद करतात.

तुरटपणा ही वेगळी बाब आहे. आयुर्वेदातील षड्रसांमध्ये कषाय, म्हणजे तुरट, हा स्वतंत्र रस आहे. (तेथे कडू चवीला 'तिक्त' म्हणतात; 'कटु' म्हणजे तिखट. मराठी वाचकाची येथे हमखास गल्लत होते.) आधुनिक शरीरक्रियाशास्त्र तुरटपणाला मुख्यतः स्पर्शसंवेदना मानते: पॉलिफेनॉल द्रव्ये लाळेतील प्रथिनांशी बांधली जातात आणि तोंड कोरडे पडल्यासारखे वाटते. दूध घातल्यावर ही द्रव्ये दुधातील केसीनशी बांधली जातात व तुरटपणा कमी होतो.

आंबटपणा

सायट्रिक व मॅलिक आम्ले मूळ बीमध्येच असतात. अ‍ॅसेटिक आम्ल बरेचसे भाजताना तयार होते. हलक्या भाजणीत आंबटपणा टिकतो, गडद भाजणीत घटतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात काही आठवडे ठेवलेल्या 'मॉन्सून्ड मलबार' बियांची कॉफी विशेष कमी आंबट असते.

पाण्यात आम्ले लवकर उतरतात, कडू द्रव्ये सावकाश. त्यामुळे अर्क अपुरा उतरल्यास कॉफी आंबट आणि जास्त उतरल्यास कडू लागते. नवख्या व्यक्तीला या दोन दोषांतील भेद अनेकदा सांगता येत नाही, मात्र त्यांवरचे उपाय परस्परविरुद्ध आहेत. आंबट कॉफीसाठी पूड अधिक बारीक दळावी किंवा पाणी अधिक गरम घ्यावे. कडू कॉफीसाठी पूड जाडसर ठेवावी किंवा वेळ कमी करावा.

गोडवा आणि गंध

कच्च्या बीमधील सुक्रोज भाजताना जवळजवळ संपूर्ण नष्ट होते. तरीही चांगल्या काळ्या कॉफीला गोडसर म्हटले जाते, याचे मुख्य कारण गंध आहे. भाजलेल्या कॉफीत ८०० हून अधिक बाष्पनशील संयुगे आढळली आहेत. घोट गिळताना ती घशामागून नाकात पोहोचतात, आणि कॅरॅमलसारखा वास मेंदूला गोडव्याची आठवण करून देतो. नाक चिमटीत धरून कॉफी प्यायल्यास केवळ कडू-आंबट पाणी उरते. चिमटी सोडताच 'कॉफी' परत येते.

तापमानाचाही परिणाम होतो. फार गरम कॉफीत चवींचा भेद नीट कळत नाही. ती कोमट होताना आंबटपणा अधिक स्पष्ट होतो. म्हणून व्यावसायिक परीक्षक एकच नमुना थंड होत असताना पुन्हा पुन्हा चाखतात.