कळस की बेरीज?

एखादा खेळाडू किती मोठा यावर वाद घालणारे चाहते बहुतेक वेळा दोन वेगळ्या मापांनी मोजत असतात. एकाचे माप कळसाचे असते: खेळाडू ऐन भरात असताना कुठवर पोचला? दुसऱ्याचे माप बेरजेचे: साऱ्या कारकिर्दीत त्याने किती धावा, किती गुण, किती बळी, किती विजेतेपदे जमवली? खेळाडूने थांबावे कधी, हा वाद वेगळा वाटला तरी निघतो याच मापांतून. कळस मानणाऱ्याला उतरतीची वर्षे डोळ्यांसमोर नको असतात. बेरीज मानणाऱ्याला मात्र आणखी एक हंगाम म्हणजे जमेची बाजू.

सचिन तेंडुलकरच्या कारकिर्दीत हे आकड्यांनीच दिसते. जानेवारी २०११ मध्ये केपटाऊनला त्याने ५१वे कसोटी शतक काढले, तेव्हा त्याच्या नावावर १७७ कसोटींत १४,६९२ धावा होत्या आणि सरासरी ५६.९४ होती. त्यानंतर तो आणखी २३ कसोटी खेळला. त्यांत १,२२९ धावा झाल्या, शतक एकही नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर दोनशेवी कसोटी खेळून तो थांबला, तेव्हा बेरीज १५,९२१ वर गेली होती आणि सरासरी ५३.७८ वर उतरली होती. मधल्या काळात शंभराव्या आंतरराष्ट्रीय शतकाची वाट पाहण्यात एक वर्ष गेले. मार्च २०११ मध्ये नागपूरला नव्व्याण्णवावे झाले आणि शंभरावे मार्च २०१२ मध्ये बांगलादेशात मीरपूरला. ‘आता पुरे’ म्हणणारे आणि ‘देवाला निवृत्ती कसली’ म्हणणारे या काळात इरेला पेटले होते. आज मात्र तेंडुलकरची थोरवी सांगताना त्या २३ कसोटी कुणी वजा करत नाही.

अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये हेच घडले. मायकेल जॉर्डनने शिकागो बुल्सकडून सहा विजेतेपदे मिळवली आणि सामन्यामागे ३१.५ च्या सरासरीने २९,२७७ गुण केले. १९९३ मध्ये तो निवृत्त झाला, १९९५ मध्ये परतला, १९९९ मध्ये पुन्हा निवृत्त झाला आणि २००१ मध्ये वॉशिंग्टन विझार्ड्सकडून पुन्हा मैदानात उतरला. त्या दोन हंगामांत ३,०१५ गुणांची भर पडली, विजेतेपद मिळाले नाही आणि सरासरी ३०.१ झाली. फेब्रुवारी २००३ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्याने एका सामन्यात ४३ गुण केले, तरी त्याचे चाहते ही दोन वर्षे सांगायची टाळतात. दुसऱ्या बाजूला लेब्रॉन जेम्स. विजेतेपदे चार, पण ७ फेब्रुवारी २०२३ रोजी त्याने करीम अब्दुल-जब्बारचा ३८,३८७ गुणांचा विक्रम मोडला आणि पुढेही खेळत राहिला, इतका की २०२४ मध्ये आपल्या मुलाबरोबर एकाच संघातून उतरला. जॉर्डनवाले कळस दाखवतात, लेब्रॉनवाले बेरीज. माप एक नसल्यामुळे हा वाद मिटत नाही आणि खरे तर कुणाला तो मिटायलाही नको आहे.

खानापूर, बेळगाव, निपाणीच्या मराठी पट्ट्यात या वादाला आणखी एक पदर आहे. घरात मराठी आणि राज्य कर्नाटक, त्यामुळे मुंबईचेही खेळाडू आपले आणि बेंगळुरूचेही. सुनील गावसकर मोठे की गुंडाप्पा विश्वनाथ, हा प्रश्न इथे दोन्ही बाजूंनी मनापासून लढवता येतो. बेरजेत तुलनाच नाही: गावसकरांच्या १२५ कसोटींत १०,१२२ धावा आणि ३४ शतके, विश्वनाथांच्या ९१ कसोटींत ६,०८० धावा आणि १४ शतके. पण विश्वनाथांची बाजू घेणारा आकडे बाजूला सारतो आणि जानेवारी १९७५ ची चेन्नईची खेळी काढतो. अँडी रॉबर्ट्सने ६४ धावांत ७ बळी घेतले, भारताचा डाव १९० वर आटोपला आणि त्यांतल्या नाबाद ९७ एकट्या विश्वनाथांच्या होत्या. शतकाच्या रकान्यात ही खेळी कुठेच नाही. सामना मात्र भारताने जिंकला. गंमत म्हणजे ज्यांच्यावरून ही भांडणे होतात ते दोघे मेहुणे आहेत.

पुढच्या पिढीत हाच वाद तेंडुलकर आणि राहुल द्रविड यांच्यावर आला. द्रविड इंदूरला मराठी घरात जन्मलेला आणि बेंगळुरूत वाढलेला, त्यामुळे सीमेवर त्याला कोणत्या बाजूला धरायचे इथूनच सुरुवात. २०११ मध्ये इंग्लंडमध्ये भारत चारही कसोटी हरला, पण द्रविडने त्या मालिकेत तीन शतके काढली. त्यानंतरच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याच्या यष्ट्या पुन्हा पुन्हा उडाल्या. मार्च २०१२ मध्ये, १३,२८८ धावा आणि ३६ शतकांवर, त्याने निवृत्ती जाहीर केली. घसरण लक्षात आली आणि त्याने निर्णय घेतला, यांत फार अंतर नव्हते.

वेगवेगळ्या काळांतल्या खेळाडूंची तुलना करताना बेरजेचे माप सरळ अन्याय करते. विजय मर्चंट यांना १८ वर्षांत अवघ्या १० कसोटी मिळाल्या; मधली वर्षे महायुद्धाने खाल्ली आणि दौरेही क्वचित होत. त्यांची प्रथम श्रेणीतली ७१.६४ ही सरासरी डॉन ब्रॅडमनखालोखाल मानली जाते. सांगलीचे विजय हजारे यांच्याही उमेदीच्या वर्षांत आंतरराष्ट्रीय क्रिकेट बंदच होते. आज एखादा फलंदाज चार-पाच वर्षांत जेवढ्या कसोटी खेळतो, तेवढ्या त्या पिढीतल्या कित्येकांना साऱ्या कारकिर्दीत मिळाल्या नाहीत. बास्केटबॉलमध्येही व्यावसायिक लीगमध्ये तीन गुणांची रेषा आली ती १९७९-८० च्या हंगामात. त्याआधीच्या खेळाडूने तिथूनच चेंडू टाकला तरी दोनच गुण.

निवृत्तीबाबत मराठी क्रिकेट रसिकांच्या तोंडी एक कसोटी कायम असते आणि तिचे श्रेय मर्चंट यांना दिले जाते: लोक ‘का थांबलात?’ असे विचारतात तेव्हाच थांबावे, ‘का थांबत नाही?’ असे विचारायची पाळी आणू नये. मर्चंट स्वतः नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध १५४ धावा काढून थांबले, हा दाखला लगेच पुढे येतो. पण त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना त्यांचा खांदा दुखावला होता आणि वय चाळीस होते, हे सांगायचे राहून जाते. त्या निर्णयात खांद्याचा वाटा मोठा होता.

या कसोटीवर चोख उतरतात ते गावसकर. मार्च १९८७, बेंगळुरू, पाकिस्तानविरुद्धची शेवटची कसोटी. फिरकीला साथ देणाऱ्या आखाड्यावर पाकिस्तानचा पहिला डाव ११६ वर संपलेला आणि भारताला चौथ्या डावात २२१ धावा हव्या होत्या. इक्बाल कासिम आणि तौसिफ अहमद यांचे चेंडू कधी हातभर वळत, कधी अंगावर उसळत. गावसकर पाच तासांहून अधिक वेळ उभे राहिले आणि ९६ वर कासिमच्या चेंडूवर झेलबाद झाले. भारत १६ धावांनी हरला. ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर एमसीसीच्या द्विशताब्दी सामन्यात त्यांनी १८८ केल्या आणि ऑक्टोबरअखेर नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध एकदिवसीय सामन्यांतले आपले एकमेव शतक काढले. पाच दिवसांनी वानखेडेवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात डीफ्रेटसने ४ धावांवर त्यांचा त्रिफळा उडवला आणि कारकीर्द संपली. वय ३८. आणखी दोन वर्षे सहज खेळले असते, असे म्हणणारे आजही भेटतात.

अजित वाडेकरांच्या वाट्याला हे आले नाही. १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही ठिकाणी मालिका जिंकून देणारा हा कर्णधार १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये तिन्ही कसोटी हरून परतला. लॉर्ड्सवर डाव ४२ धावांत गडगडला होता. मायदेशी त्यांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले गेले आणि त्यांनी निवृत्ती पत्करली. आज मात्र वाडेकर म्हटले की १९७१ आठवते.

शेवट बरा की वाईट, यावरून थोरवी फारशी हलत नाही. म्हणूनच ‘नाव खराब होईल, थांबा’ या सल्ल्यात दम कमी आहे. चाहता त्यात खेळाडूच्या नावापेक्षा आपल्या मनातले चित्र जपत असतो. सांघिक खेळात खरा प्रश्न जागेचा आहे. संघात अकरा जागा. एक अडली की कुणीतरी बाहेर बसतो.

कपिलदेवची शेवटची वर्षे घ्या. रिचर्ड हॅडलीचा ४३१ बळींचा विक्रम जवळ येत होता आणि वेग कमी होत चालला होता. फेब्रुवारी १९९४ मध्ये अहमदाबादला विक्रम मोडला, एकूण ४३४ बळी झाले. त्या काळात म्हैसूरचा जवागल श्रीनाथ, देशातला सर्वांत वेगवान गोलंदाज, मायदेशातल्या कसोटींत बाहेर बसून होता. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियात पदार्पण केलेल्या श्रीनाथला भारतात पहिली कसोटी मिळाली ती नोव्हेंबर १९९४ मध्ये, कपिल गेल्यावर. विक्रमाचा आनंद साऱ्या देशाने घेतला, किंमत एका गोलंदाजाने मोजली. कपिलच्या बाजूने एवढे म्हणावे लागेल की संघ तो निवडत नव्हता. निवड समितीला नाव बाजूला ठेवायचे धैर्य झाले नाही.

जागा न मिळालेल्यांची यादी मुंबईत लांब आहे. डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले. बिशनसिंग बेदी असेपर्यंत त्यांना कसोटी खेळता आली नाही आणि नंतरही नाही. तरी १९८७-८८ च्या हंगामात सत्तेचाळिशीचे शिवलकर मुंबईकडून गोलंदाजी करत होते. त्यांना कुणी ‘थांबा’ म्हटले नाही, कारण त्यांच्याभोवती तेवढा गाजावाजाच नव्हता. अमोल मुजुमदारने १९९४ मध्ये रणजी पदार्पणात २६० केल्या आणि पुढे प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा जमवल्या. १९८८ मध्ये शालेय सामन्यात तेंडुलकर-कांबळी यांची ६६४ धावांची भागीदारी चालू असताना पॅड बांधून बसलेला पुढचा फलंदाज तोच. भारताच्या मधल्या फळीत द्रविड, तेंडुलकर, लक्ष्मण, गांगुली ठाण मांडून होते, त्यामुळे तिथेही त्याची पाळी आली नाही. ते चौघे तेव्हा भरात होते, म्हणून हा अन्याय म्हणता येत नाही. भर ओसरल्यावरही जागा अडते, तेव्हा मात्र म्हणता येतो. २०२५ च्या जानेवारीत सिडनीला कर्णधार रोहित शर्माने धावा होत नाहीत म्हणून स्वतःलाच अकरा जणांतून वगळले. मे महिन्यात तो कसोटीतून निवृत्त झाला. भारतीय क्रिकेटमध्ये अशी उदाहरणे विरळाच.

कुस्तीत हे सारे गणित उलटे आहे. तिथे कुणाची जागा अडत नाही आणि आकडेही नाहीत. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झाले. पुढच्या वर्षी तो मान गणपतराव आंदळकरांना मिळाला, १९६४ मध्ये कवठेपिरानच्या मारुती माने यांना. तिघांत थोर कोण, हे धावपत्रकात पाहून सांगता येत नाही. कोणी कोणाला कोणत्या मैदानात, कोणत्या डावावर चीत केले, हेच तिथले पुरावे. सत्तरच्या दशकात बेळगावच्या मैदानात हरिश्चंद्र बिराजदार यांनी दिल्लीच्या सतपालला पाडले, त्या एका निकालावर कोल्हापूरपासून हुबळीपर्यंत वर्षानुवर्षे चर्चा झाली. बिराजदारांचे १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतले सुवर्णपदक तेवढे बोलले जात नाही.

पैलवानाने थांबावे कधी, हे मैदानच सांगते. यात्रेतल्या मैदानात आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, मग इनामाची रक्कम चढत जाते आणि दिवस कलताना हलगीच्या कडकडाटात मोठी जोड लागते. सलामी झडते, खडाखडी सुरू होते. वय झालेल्या मल्लाचे डाव विसरलेले नसतात. पहिली पाच-सात मिनिटे तो पट काढतो, कब्जा घेतो, मैदान टाळ्या वाजवते. खडाखडी लांबली की मात्र दम पुरत नाही. पाय मागे पडू लागतात आणि पंचवीस वर्षांचा गडी नेमकी त्याचीच वाट पाहत असतो. आयोजकाला जुन्या नावावर गर्दी हवी असते, तरुणाला त्या नावावर विजय हवा असतो, म्हणून जोड पुन्हा पुन्हा धरली जाते. मोजावे लागते ते मल्लाच्या गुडघ्यांना आणि मानेला.

कुस्ती सोडल्यावर पुढची वाट बरीचशी ठरलेली असते: लाल माती न सोडता वस्ताद व्हायचे. आंदळकरांनी कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत मल्ल घडवले, बिराजदारांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत. बेळगावात हरलेले सतपालही पुढे गुरू झाले आणि ऑलिंपिक पदके जिंकणारा सुशीलकुमार त्यांच्याच हाताखाली तयार झाला. ज्यांना तालीम मिळत नाही त्यांची अडचण वेगळी. जोर-बैठका बंद होतात, पण दूध, तूप, बदामाच्या खुराकाची सवय सुटत नाही. वजन वाढते, मग रक्तदाब आणि साखर मागे लागते. त्यामुळे जाणते वस्ताद मेहनत एकदम तोडू देत नाहीत. ती टप्प्याटप्प्याने उतरवतात आणि तिच्या मापाने खुराकही कमी करायला लावतात.