पेढे नकोत, डबा आणा: बाळ झालेल्या घरी फ्रीजरमध्ये टिकेल असं काय न्यायचं?

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलताना मापं घाईत सांगितली होती, ती इथे नीट लिहिली आहेत. स्क्रीनशॉट काढून ठेवा.)

मागे आवाज येतोय तो पावसाचा आहे. आमच्या पामच्या घराला पुढे पत्रा आहे, त्यामुळे जुलैमध्ये रेकॉर्डिंग म्हणजे असंच. लेक झोपलीये, ती उठायच्या आत बोलून घेतो.

आजचा विषय तिच्यामुळेच सुचला. मित्राला, बहिणीला, ऑफिसमधल्या कुणाला बाळ झालं की आपण बघायला जातो. हातात काय असतं? पेढे, झबलं, नाहीतर पाकीट. गेल्या वर्षी आमच्याकडे पेढ्यांचे चौदा बॉक्स आले होते. मोजले होते मी. आणि त्याच आठवड्यात एक दिवस माझी बायको दुपारी चार वाजेपर्यंत उपाशी होती.

झालं असं, की पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे पद्धत. पण सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे बायको पामलाच राहिली. लेक जन्मली ती नेमकी भाताच्या आवणीत. आवणी म्हणजे लावणी, आमच्याकडे हाच शब्द. त्या दिवसांत गावात माणूस मिळत नाही, सगळे चिखलात. आई पहाटे भाकऱ्या थापून शेतावर जायची. मी तारापूर एमआयडीसीत कामाला. कायद्याने आईला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, २०१७ पासून. खासगी कंपनीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही. मला चार दिवस मिळाले, मग सेकंड शिफ्ट सुरू.

नवव्या दिवशी मी अडीचला घरातून निघालो. बायको म्हणाली, "जेवते मी, तू जा." मग बाळ रडायला लागलं, मग दोन पाहुणे आले, त्यांना चहा झाला, परत बाळ. आई चारला आली तेव्हा ही पलंगाची कड धरून बसलेली, डोळ्यांपुढे अंधारी. भाकरी टोपलीत होती, पण भाजी करायची राहिली होती. एका हातात बाळ, पोटाला टाके, गॅससमोर उभी कशी राहणार?

दुसऱ्या दिवशी कंपनीतला एक मित्र आणि त्याची बायको आली. ते जळगावकडचे, बोईसरला भाड्याने राहतात. त्यांना मुलगा झाला तेव्हा इथे त्यांचं कुणीच नव्हतं. वहिनी दारातच म्हणाल्या, "भाऊ, पेढे नाही आणले. हे आधी फ्रीजरमध्ये टाका." पिशवीत सात चपट्या पिशव्या, प्रत्येकीवर पट्टी चिकटवलेली: काय आहे, कधीचं आहे, कसं गरम करायचं. दहा मिनिटं बसले, चहाला नको म्हणाले आणि गेले.

पुढचा आठवडा आमचं घर त्या पिशव्यांवर चाललं.

"बाळंतिणीला शिळं देतोस?"

हा प्रश्न माझ्या आजीचा, आणि तुमच्या घरीही तो येणारच. म्हणून आधी याचं उत्तर.

आजीचा नियम चुकीचा नव्हता. तिच्या काळात घरात फ्रीज नव्हता. कोकणच्या दमट हवेत सकाळची आमटी संध्याकाळी फसफसायची. शिजवलेलं अन्न साधारण ५ ते ६० अंशांच्या मध्ये राहिलं की त्यात जंतू भराभर वाढतात. शिळं म्हणजे असं बाहेर राहिलेलं.

उणे १८ अंशांवर ही वाढ थांबते. जंतू मरत नाहीत, झोपतात म्हणा. म्हणून दोन गोष्टी पाळायच्या. एक, गोठवण्याआधी अन्न लवकर थंड करायचं. दोन, बाहेर काढल्यावर खळखळून उकळी येईपर्यंत गरम करायचं. एवढं केलं तर पंधरा दिवसांपूर्वीची डाळ सकाळपासून ओट्यावर असलेल्या डाळीपेक्षा जास्त सुरक्षित असते.

आजीला हे फारसं पटलं नाही. शेवटी आमच्या घरात तोडगा निघाला तो असा: बायकोसाठी भाकरी ताजीच होणार, डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीरही राहणार. फ्रीजरमधली डाळ मात्र उकळी आली की तिच्या ताटातही चालेल, बाकीचं आम्ही बाकीच्यांनी खायचं. गंमत म्हणजे यानेच गाडी रुळावर आली. माझा आणि बाबांचा स्वयंपाक वाचला, म्हणून आईला तिच्यासाठी ताजं करायला वेळ मिळाला. तेव्हा डबा नेताना फक्त आईचा विचार करू नका. त्या घरात रात्री साडेअकराला शिफ्टवरून येणारा बापही असतो.

बाळंतविडा हा प्रकार मुळात हेच तर आहे. डिंक, खारीक, सुंठ, खसखस, अळीव घेऊन जायचं, बाळंतिणीला दोन घास जास्त जावेत म्हणून. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. एक जेवण जास्तच म्हणा ना! आपल्या पालघर जिल्ह्याच्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचं गरम चौरस जेवण देतात, तेही याचसाठी. के-ड्रामा बघणाऱ्यांना वाढदिवसाचं ते समुद्री शेवाळाचं सूप आठवत असेल. तिकडे बाळंतिणीला तेच देतात, म्हणून वाढदिवसालाही तेच. बाळंतिणीला खायला घालणं जगभर आहे. आपल्याकडे फक्त शेतावर आणि शिफ्टवर जाणाऱ्या घरांत हात कमी पडायला लागलेत.

भरायचं कसं?

आपल्या बहुतेकांकडे सिंगल डोअर फ्रीज. वर छोटा कप्पा, त्यात बर्फाचा ट्रे, एखादा मटारचा पुडा. तिथे मोठे डबे मावत नाहीत. म्हणून झिपच्या पिशव्या. दोन माणसांपुरतं भरा, हवा काढा, ताटात आडवी ठेवून चपटी गोठवा. नंतर वह्यांसारख्या उभ्या लावता येतात, आणि चपटं असल्याने लवकर सुटतंही.

गरम अन्न प्लॅस्टिकमध्ये भरू नका, आणि गरम पातेलं थेट फ्रीजरमध्ये तर नकोच, शेजारचंही वितळेल. परातीत पसरा, नाहीतर पातेलं थंड पाण्यात ठेवा. शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे.

पट्टीवर चार गोष्टी लिहा: नाव, तारीख, तिखट की अळणी, गरम कसं करायचं. सिंगल डोअरचा कप्पा सारखा उघडतो, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत संपवा असं सांगा. वेगळा फ्रीजर असेल तर दोन महिने हरकत नाही.

चार गोष्टी, ज्या आमच्याकडे संपल्या

१. मूगडाळीचं घट्ट वरण. २ वाट्या मूगडाळ हळद-हिंग घालून कुकरला मऊ शिजवा. तुपात जिरं, ठेचलेला लसूण आणि थोडं आलं घालून फोडणी. पाणी कमीच ठेवा, कारण गोठवताना पाण्याला जागा लागते आणि पातळ नंतर कधीही करता येतं. दोन माणसांच्या चार पिशव्या होतात. पिशवी कोमट पाण्यात दोन मिनिटं धरली की लादी सुटते. ती पातेल्यात टाका, अर्धी वाटी पाणी, उकळी, झालं.

२. मेथीचं थालीपीठ. ३ वाट्या भाजणी, १ जुडी मेथी बारीक चिरून, तीळ, ओवा, मीठ, बेताचं तिखट. थोडी पातळ थापा आणि दोन्ही बाजूंनी भाजून पूर्ण गार करा. दोन थालीपिठांमध्ये एक बटर पेपर. तो विसरलात तर आठ थालीपिठांची एक वीट मिळते, हे मी स्वतः करून बघितलंय. खाताना वितळवायची गरज नाही, थेट तव्यावर, कडेने तूप. एका हाताने खाता येतं हा याचा सगळ्यात मोठा गुण. पहाटे तीन वाजता हे कळतं.

३. कोथिंबीर वडी. २ जुड्या कोथिंबीर, २ वाट्या बेसन, अर्धी वाटी तांदळाचं पीठ, हळद, तिखट, मीठ. लांब उंडे करून १५ ते २० मिनिटं वाफवा, गार झाल्यावर वड्या कापा. तळू नका. वड्या आधी ताटात सुट्या पसरून दोन-तीन तास गोठवा, मग पिशवीत भरा. असं केलं की चिकटत नाहीत, चार हव्या तर चारच निघतात. बेसन वातूळ म्हणून बाळंतिणीला देत नसतील तर वाद घालू नका. बाबा खातील.

४. चिकनचं सुकं. खाणारं घर असेल तरच. १ किलो बोनलेस, कांदा-खोबऱ्याचं भाजकं वाटण, आलं-लसूण, मसाला नेहमीच्या निम्मा. बोनलेस अशासाठी, की मांडीवर बाळ असताना हाड सोडवत कोण बसणार? बटाटा घालू नका. चार पिशव्या होतात. आदल्या रात्री खालच्या फ्रीजमध्ये काढून ठेवा, दुसऱ्या दिवशी कढईत चांगली वाफ काढा.

अळिवाचे लाडू नेणार असाल तर एक लक्षात घ्या. त्यात ओलं खोबरं असतं, त्यामुळे ते डिंकाच्या लाडवांसारखे बाहेर डब्यात टिकत नाहीत. फ्रीजमध्येच ठेवायला सांगा.

काय नेऊ नये?

बटाट्याची भाजी: वितळल्यावर रवाळ, पाणचट होते. कढी आणि दह्याचं काहीही: फाटतं. उकडलेलं अंडं: रबर. तळलेलं: मऊ पडतं. मासळी ताजीच बरी, सातपाटी-मुरबे इतकं जवळ असताना गोठवायची कशाला? भातही गोठवण्याच्या भानगडीत पडू नका. शिजलेला भात बाहेर राहिला तर पोट बिघडवतो, आणि कुकरला ताजा लावायला वीस मिनिटं लागतात. त्यापेक्षा पाच किलो वाडा कोलम घेऊन जा. शेजारच्या तालुक्याचा तांदूळ आहे, जीआय मिळालेला, आजीही खूश.

आणि लाइट गेली तर?

तारापूरचं अणुऊर्जा केंद्र आमच्याच तालुक्यात, १९६९ पासून वीज बनवतंय. पण पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की अंधार आम्हालाही चुकत नाही.

लाइट गेली की पहिला नियम, दार उघडायचं नाही. खालचा फ्रीज साधारण चार तास थंड धरतो. गच्च भरलेला स्वतंत्र फ्रीजर दोन दिवसही काढतो, पण सिंगल डोअरचा कप्पा बराच आधी हार मानतो.

यासाठी एक युक्ती. छोट्या वाटीत पाणी गोठवा आणि बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवून द्या. तुम्ही घरी नसताना लाइट जाऊन आली, बर्फ परत जमला, तरी नाणं खरं सांगतं. वरच असेल तर काळजी नाही. तळाला गेलं असेल तर मधल्या वेळात सगळं वितळलं होतं. मग ते खायचं नाही. पिशवी हातात घेतल्यावर आत बर्फाचे कण लागत असतील तर परत गोठवता येते. पूर्ण वितळून कोमट झाली असेल तर टाकून द्या, जीव तुटला तरी. बाळंतिणीच्या घरात पोट बिघडणं परवडत नाही.

द्यायचं कसं?

हे शेवटचं, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. "काही लागलं तर सांग हां" असं म्हणू नका. कुणी सांगत नाही. आम्हीही चौदा बॉक्स पेढेवाल्यांपैकी एकालाही सांगितलं नाही. विचारायचं असं: "मंगळवारी आणू की गुरुवारी? तिखट चालतं का? डॉक्टरांनी काही बंद केलंय का? फ्रीजरमध्ये जागा किती आहे?" चार प्रश्न, व्हॉट्सॲपवर, फोनसुद्धा करायची गरज नाही.

मित्रांचा ग्रुप असेल तर दिवस वाटून घ्या, नाहीतर एकाच दिवशी पाच घरांची डाळ येते. डबे परत मागायचे नाहीत, म्हणून स्टीलचे नेऊ नका. दहा मिनिटांच्या वर बसू नका, आणि चहा तर घेऊच नका. निघताना सिंकमध्ये दोन भांडी दिसली तर घासून टाका, कुणाला सांगू नका.

गेल्या महिन्यात आमच्या आळीत एका मित्राला मुलगा झाला. मी सात पिशव्या घेऊन गेलो, पट्ट्या लावून. त्याची आजी पट्टी वाचून म्हणाली, "शिळं आहे व्हय रे?" मी म्हटलं, "आजी, तुमच्या नातवासाठी आहे, तो सेकंड शिफ्टला असतो." पिशव्या आत गेल्या. परवा त्याचा मेसेज आला, आजीने थालीपिठं संपवली.

उठली वाटतं लेक. थांबतो. तुमच्या घरून बाळंतिणीला काय न्यायची पद्धत आहे, ते व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात ऐकवेन. तोवर, कुणाकडे पाळणा हलला असेल तर आज रात्री मूगडाळ धुऊन ठेवा.