गाडी सुटायच्या आत

तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर कुशादासी नावाचं बंदर आहे. क्रूझची मोठी जहाजं इथे सकाळी धक्क्याला लागतात आणि संध्याकाळी निघून जातात. मधल्या सात-आठ तासांत उतारूंपैकी बहुतेकांना एकच ठिकाण गाठायचं असतं : सुमारे वीस किलोमीटरवरचं एफेसस. जहाज कंपनीची सहल असतेच. गार बस, हातात फलक धरलेला गाईड आणि परतताना गालिच्यांच्या दुकानात आग्रहाचा चहा. पण बंदराबाहेर थोडं चालत गेलं की सेल्चुक गावाकडे जाणारी ‘दोल्मुश’ मिळते. आपल्या काळीपिवळीसारखीच, भरली की निघणारी. तिच्यात बसून काही उतारू आपले आपण एफेससला जातात.

आपले आपण जाणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असावी लागते. कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. एकट्यादुकट्यासाठी ते थांबत नाही. ज्याचं जहाज सुटलं, त्याने स्वखर्चाने पुढचं बंदर गाठायचं. त्यात जहाजावरचं घड्याळ आणि गावातलं घड्याळ कधीकधी तासाने वेगळं असतं. म्हणून सराईत माणूस आधी परतीची वेळ ठरवतो आणि तिथून उलटं मोजत येतो. शिवाय तो एफेससमध्ये वरच्या दाराने शिरतो आणि उतारावरून खाली येतो. वाटेत केल्सुसच्या ग्रंथालयाचा दोन मजली दर्शनी भाग लागतो, मग सुमारे पंचवीस हजार माणसं बसतील असं नाट्यगृह, आणि त्याच्या समोरून थेट बंदराकडे निघालेला संगमरवरी रस्ता. त्या रस्त्याच्या टोकाला आज बंदर नाही. नदीच्या गाळाने ते बुजलं, समुद्र काही किलोमीटर मागे सरला आणि शहराचा व्यापार गेला. जहाजातून आलेला माणूस जहाजांनी सोडून दिलेलं शहर बघत असतो.

आमच्या गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही. जहाजाचं काम इथे रेल्वे करते. मुंबई-हावडा मार्गावरची गाडी गोंदिया सोडून पूर्वेला निघाली की गुदमा, आमगाव, धानोली आणि मग सालेकसा. पुढे दरेकसा हे महाराष्ट्रातलं शेवटचं स्टेशन. त्यानंतर छत्तीसगड : बोरतलाव, पानियाजोब, डोंगरगड. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या सालेकशाला न थांबता धडधडत जातात. खिडकीतून धानाच्या बांध्या दिसतात, मग एकाएकी डोंगर अंगावर येतो, बोगदा येतो आणि पावसाळ्यात क्षणभर एक धबधबा. प्रवासी विचारतात, हे कोणतं गाव? उत्तर मिळेपर्यंत गाव मागे पडलेलं असतं. इथे उतरतात ते मेमू आणि पॅसेंजरचे लोक. परक्या माणसाने सालेकशाला उतरायचं ठरवलं तर त्याची गत कुशादासीच्या उतारूसारखीच : सकाळची गाडी, परतीची ठरलेली गाडी आणि मधले काही तास. गाडी चुकली तर फलाटावरच्या बाकड्याशी ओळख वाढवायची.

बघायचं काय? प्राचीन शहर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तट, वेस, खांब आणि पडकी देवळं येतात. असं काही हवं असेल तर तेही जवळच आहे. आमगावहून हद्द ओलांडून मध्य प्रदेशात गेलं की बालाघाट जिल्ह्यातलं लांजी लागतं. रतनपूरचा कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याचा कलचुरी संवत ८६६ मधला, म्हणजे इसवी सन १११४ चा शिलालेख आहे. त्यात त्याला खंडणी देणाऱ्या मुलखांची नावं आहेत. वैरागर, भाणार आणि लांजिका ही त्यांतली तीन : आजचं गडचिरोलीतलं वैरागड, आपलं भंडारा आणि हे लांजी. हा शिलालेख नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आला. नागपूरकर ज्याला अजबबंगला म्हणतात, तेच हे संग्रहालय. अजबबंगल्यात लहानपणी सगळे जातात ते पेंढा भरलेला वाघ बघायला. आपल्या गावांची नऊशे वर्षांपूर्वीची नावं कोरलेला दगड त्याच इमारतीच्या वाट्याला आलेला आहे, हे सांगणारा मास्तर भेटायला नशीब लागतं.

लांजीत पडका किल्ला आहे, खंदकाच्या खुणा आहेत, कोरीव कामाचं कोटेश्वराचं देऊळ आहे. पण लांजीच्या वाट्याला एफेससचंच दुखणं आलं. १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वे सुरू झाली. आधी ती मीटर गेज होती. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने हा मार्ग ताब्यात घेऊन रुंद केला आणि पुढे बंगालपर्यंत नेला. छत्तीसगडचा धान्यसाठा बाहेर काढणं हा या मार्गाचा एक मोठा हेतू होता. रुळांनी ज्या गावाला हात लावला ते वाढलं. गोंदियाचं आजचं मोठेपण सगळं जंक्शनचं आहे. त्याआधी या भागात नाव होतं ते कामठ्याच्या जमीनदारीचं आणि लांजीचं. रेल्वे दोन्हींना बाजूला ठेवून गेली.

तरीही सालेकशाला उतरणाऱ्याने पहिल्या खेपेला लांजीच्या मागे लागू नये, असं माझं मत आहे. इथलं सगळ्यात जुनं ठिकाण तटबंदीचं नाहीच. ते कचारगड आहे. सालेकसा तालुक्यात, दरेकशाच्या बाजूला, धनेगावजवळच्या डोंगरातल्या या नैसर्गिक गुहा. धनेगावहून पायवाट जंगलातून चढत जाते. आधी लहान कपारी लागतात आणि मग मुख्य गुहेचं तोंड. आत शेकडो माणसं मावतील एवढी जागा आहे. ‘आशियातली सर्वांत मोठी’ असं फलकांवर आणि बातम्यांत लिहिलेलं असतं. ते कुणी मोजून लिहिलं असेल असं वाटत नाही, आणि त्या बिरुदाची गुहेला गरजही नाही.

गरज नाही, कारण गोंड समाजासाठी हे उगमस्थान आहे. कथा सांगावी तशी बदलते, पण तिचा गाभा असा : काली कंकाली या मातेची तेहतीस मुलं या गुहेत कोंडली गेली आणि तोंडावर प्रचंड शिळा बसली. जंगो रायताड या देवीने त्यांच्यावर माया केली. गोंडांचा आद्य गुरू पारी कुपार लिंगो याने त्यांना सोडवायचं ठरवलं. हिरासुका नावाच्या वादकाने किंगरी हे तंतुवाद्य वाजवलं, त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आलं, आतून त्यांनी आणि बाहेरून लिंगोने जोर लावला आणि शिळा ढासळली. हिरासुका तिच्याखाली गेला. सुटलेल्या मुलांना लिंगोने सगा, म्हणजे कुळांचे गट, आणि देवांच्या संख्येप्रमाणे वाटून दिलं. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी कुळांची ओळख आजही लग्न जुळवताना पाहिली जाते. समान देवांच्या घरात सोयरीक होत नाही. म्हणजे ज्या गुहेत आपण टॉर्च फिरवत उभे असतो, तिथे एका समाजाचा विवाहाचा कायदा जन्मलेला आहे.

या कथेचा एक पाठ छापील कागदावर आला तोही नागपूरमार्गे. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी नागपुरात होते. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. त्यांनी एका प्रधानाकडून लिंगोचं दीर्घ गीत ऐकून उतरवून घेतलं. प्रधान म्हणजे गोंडांचे परंपरागत गायक आणि वंशावळ राखणारे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना हिस्लॉप पुराच्या नाल्यात बुडाले. त्यांची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्या गीतात ‘काचीकोपा लोहागड’ हे ठिकाण येतं. हेच कचारगड, असं गोंडी अभ्यासक मानतात. गीतात गोंडांना कोंडणारा महादेव आहे, लोकांच्या तोंडच्या कथेत तपशील निराळे आहेत. या फरकांवर गोंडी पुनेमचे, म्हणजे गोंडांच्या धर्माचे, अभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी आयुष्यभर लिहिलं. लिंगोवरचं त्यांचं पुस्तक कचारगडच्या यात्रेतल्या पुस्तकांच्या पालांवर हटकून विचारावं असं आहे.

यात्रा भरते ती माघ पौर्णिमेला. १९८० च्या दशकात मूठभर अभ्यासक आणि कार्यकर्त्यांनी सुरू केलेल्या या यात्रेला आता लाखो लोक येतात. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा, जिथे जिथे गोंड आहेत तिथून. त्या चार-पाच दिवसांत धनेगावच्या पायथ्याशी एक शहर उभं राहतं. सप्तरंगी झेंडे, ढोल, रांधण्याच्या चुली, पुस्तकांची आणि औषधी मुळ्यांची पालं, गोंडी लिपी शिकवणारे फळे, रात्रभर भाषणं आणि रेला नाच. समोरून येणारा प्रत्येक जण ‘जय सेवा’ म्हणतो, आपणही म्हणायचं. मग हे शहर उठून जातं आणि मोहाच्या झाडांखाली नुसती राख उरते. एफेससचे दगड राहिले आणि माणसं गेली. इथे दगडी बांधकाम कधी झालंच नाही, माणसं मात्र दरवर्षी येतात. प्राचीन नगराची माझी व्याख्या या यात्रेने थोडी सैल केली, एवढं खरं.

आता हिशेब. गोंदियाहून सालेकसा रेल्वेने सुमारे चाळीस किलोमीटर. उतरल्यावर पहिलं काम स्टेशनातच करायचं : परतीच्या गाड्या नुसत्या मोबाईलवर नव्हे, खिडकीवर विचारून घ्यायच्या. या मार्गावर मालगाड्यांची एवढी वर्दळ असते की पॅसेंजर बाजूला काढून ठेवणं रोजचं आहे. म्हणून शेवटच्या गाडीवर विसंबू नये, शेवटून दुसरी पकडायची असं ठरवून चालावं. स्टेशनबाहेर पोहा किंवा आलूबोंडा खाऊन घ्यावा, पाणी भरून घ्यावं, कारण पुढे दुकान असेलच असं नाही. धनेगावसाठी ऑटो ठरवताना जाण्या-येण्याचा आणि थांबण्याचा, असा एकत्र भाव करावा. सोडून गेलेला ऑटो जंगलातून बोलावता येत नाही, तिथे मोबाईलला रेंज नसते. इथला ऑटोवाला स्वतःच विचारतो, “वापस कवा जाता जी?” त्याला गाडीची वेळ सांगून टाकली की निम्मी काळजी त्याची होते. जहाज कंपन्यांना एवढी आपुलकी परवडत नाही.

हा भाग छत्तीसगड आणि मध्य प्रदेशाच्या हद्दीला लागलेला, नक्षलवादाच्या सावलीत अनेक वर्षं काढलेला. आडवाटेच्या जंगलात शिरण्याआधी गावात किंवा पोलीस चौकीत विचारावं. विचारण्यात कमीपणा नाही. गुहेत एकट्याने जाऊ नये, धनेगावचा एखादा माणूस सोबत घ्यावा आणि त्याला योग्य पैसे द्यावेत. पूजेची जागा असेल तिथे चपला बाहेर, आणि फोटो विचारून. पावसाळ्यात वाट निसरडी असते. उन्हाळ्यात चढ दुपारच्या आत उरकावा. दिवाळी ते होळी हा सर्वांत चांगला काळ, त्यात माघी पौर्णिमेची गर्दी हवी की नको ते आपलं आपण ठरवावं.

ज्यांना चढायचं नाही त्यांनी दरेकशाला उतरावं. स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर हाजरा फॉल आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे तो भरात असतो, मार्चनंतर गेलात तर काळा कातळ बघून परत यावं लागेल. रविवारी गोंदिया-नागपूरची तरुण मंडळी जथ्याने येतात, म्हणून मधला वार बरा. बोगदा याच बाजूला आहे. रुळांवरून चालत बोगद्याकडे जाण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, ही व्यस्त मुख्य लाईन आहे आणि वळणावर गाडी दिसायला उशीर होतो.

एक दिवस आणखी हाताशी असेल तर त्याच रुळांवर पुढे डोंगरगड आहे. बम्लेश्वरीचं देऊळ डोंगरावर, हजाराहून जास्त पायऱ्या, नाहीतर रोपवे. इथे कामावती नावाची नगरी होती आणि माधवानल-कामकंदलेची प्रेमकथा इथेच घडली, असं तिथले लोक सांगतात. नवरात्रात मात्र डोंगरगडला घाईने जाऊन घाईने परतण्याचा बेत करू नये. पायऱ्यांवरची रांग गाडीचं वेळापत्रक ओळखत नाही. तेवढा वेळ नसेल तर आमगावला उतरून लांजीची वाट धरावी आणि किल्ला बघून रात्रीच्या आत गोंदियाला परतावं.