ट्रॅक्टरच्या चाकातील हवा : किती आणि कशासाठी?

मुंबईच्या उपनगरांत घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मध्ये भांडुप आहे. सन १९५८ मध्ये स्थापन झालेल्या सिएट कंपनीने आपला टायरचा कारखाना येथे उभारला. कारखान्यातून टायर कितीही मजबूत बनून आला तरी तो रिकामाच असतो. ट्रॅक्टरचे ओझे प्रत्यक्षात पेलते ती आतली हवा आणि ती किती ठेवायची हे शेतकरी बंधूंच्या हाती असते. पुष्कळ ठिकाणी मात्र पंक्चरवाल्याने एकदा भरून दिलेल्या हवेवरच सारा हंगाम काढला जातो.

रबराचे काम जमीन पकडण्याचे. दाबाचा ताण रबराच्या आतील धाग्यांचे थर सोसतात. चाकावर ओझे आले की टायर खाली थोडा चपटा होतो आणि टेकलेली जागा ओझे पेलण्याइतकी होईपर्यंत दबत जातो. समजा, मागील एका चाकावर ८०० किलो वजन आहे. आत १४ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब असेल, तर चाक ढोबळमानाने ८०० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकते. हवा २८ पौंड केली की जागा जवळपास निम्मी होते आणि जमिनीवरील दाब जवळपास दुप्पट.

शेतात हा फरक महागात पडतो. टणक चाक कमी जागेवर टेकल्याने जागच्या जागी फिरते, डिझेल वाया जाते व टायर झिजतो. त्याहून वाईट म्हणजे जमीन चेपली जाते. वाफसा येण्यापूर्वी असा ट्रॅक्टर घातला तर चाकोरीत पाणी मुरत नाही आणि पिकाची मुळे खाली जात नाहीत. नांगरटीसाठी मागील चाकांत साधारणपणे १२ ते १४ पौंड हवा पुरते. तथापि आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा.

भरलेली ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्याने जाताना मात्र हवा वाढवावी. कमी हवेत टायरच्या बाजू सतत दुमडतात, तापतात आणि आतील धागे तुटतात. हवा सकाळी, टायर थंड असताना, मोजावी. चालून तापलेल्या टायरमध्ये दाब जास्त दिसतो.

हवेचा टायर उपयोगात आणणारा जॉन डनलॉप हा पेशाने पशुवैद्यक होता. त्याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तो केला. बैलांना त्याचा लाभ पुढे टायरगाडीच्या रूपाने झाला. लोखंडी धाव असलेले अरुंद चाक मऊ रस्त्यात रुतते, रबरी चाक त्यावरून जाते, म्हणून ओढ कमी लागते. पण ओढ कमी झाली म्हणून दुप्पट ऊस लादणे बरे नव्हे. उतारावर ते सारे ओझे बैलांच्या अंगावर येते, तेव्हा गाडीला ब्रेक असावाच.

टायर बसविताना बाजूवरील बाण पुढे जाण्याच्या दिशेस ठेवावा. मागील चाकांवरील नक्षीचे मधले टोक आधी जमिनीला टेकले म्हणजे चिखल दोन्ही बाजूंना फेकला जातो. उलटे बसविल्यास तो खाचांत साचून चाक गुळगुळीत होते. भाताच्या चिखलणीत नक्षी कितीही चांगली असली तरी पुरत नाही; तेथे लोखंडी केज व्हील लावावीत आणि रस्त्यावर येण्यापूर्वी ती काढावीत.