पहिल्या मोसमाचे विजेते आणि कोल्हापूरच्या तालमी

महाराष्ट्राच्या एका संघाने व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचे विजेतेपद मिळवले होते, ही गोष्ट शाहू स्टेडियमवर वाढलेल्या कोल्हापूरकरालाही सहसा ठाऊक नसते. साल 2012. संघ पुणे मराठाज. ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ या नव्या लीगच्या पहिल्या मोसमात त्याने अंतिम सामन्यात दिल्ली डिफेंडर्सला 6-0 असे हरवले.

हा खेळ आपल्या ओळखीच्या फुटबॉलपेक्षा अगदी वेगळा. चेंडू लंबगोल आणि तो हातात घेऊन पळायचा. अकराजणांच्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. सरकले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला की टचडाउन, त्याचे 6 गुण. चेंडू लाथेने खांबांमधून पार केला तर 3. म्हणजे 6-0 हा फार चिवट झुंजीचा निकाल. खांद्याला खांदा भिडवून समोरच्याला जागचा हलवायचा, ही यातली मुख्य विद्या. खासबागेच्या मातीत घाम गाळलेल्या पैलवानाला ती कुणी समजावून सांगावी लागणार नाही.

लीगमध्ये आठ संघ होते. मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद आणि कोलकात्यासोबत कोलंबो आणि पाकिस्तानचाही एकेक. पाठीशी नावे मोठी होती: प्रशिक्षक माइक डिट्का, खेळाडू कर्ट वॉर्नर, अभिनेता मार्क वॉलबर्ग. सामने टेन स्पोर्ट्सवर दाखवले गेले. पण बहुतेक सामने झाले कोलंबोच्या सुगतदास स्टेडियमवर. पुण्याच्या संघासाठी घसा कोरडा करणारे पुणेकर तिथे कुठून येणार? ज्या थाटात घोषणा झाली, त्या थाटात ही लीग टिकली नाही.

या लीगच्या गुंतवणूकदारांत ब्रँडन चिलार हेही होते. वडील भारतीय, जन्म 1982चा, लॉस एंजेलिसमधला. 2004 साली अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या सेंट लुइस रॅम्स संघाने त्यांना निवडले, 2008 पासून ते ग्रीन बे पॅकर्सकडून खेळले. 2010च्या मोसमात खांदा दुखावला आणि ते बाहेर बसले. त्याच मोसमाच्या शेवटी, फेब्रुवारी 2011 मध्ये, पॅकर्सने पिट्सबर्ग स्टीलर्सला 31-25 असे हरवून सुपर बोल, म्हणजे त्या लीगचा अंतिम सामना, जिंकला. काही महिन्यांत संघाने चिलारना मोकळे केले. तेव्हा वय होते 28. वाईट वाटते, पण त्या खेळात सात मोसम म्हणजे दीर्घ कारकीर्द! खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबाने अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळाडूची कारकीर्द सरासरी साडेतीन वर्षांचीही भरत नाही. गुडघे, खांदे आणि डोक्याला बसणारे मार माणसाला लवकर मैदानाबाहेर काढतात.

चिलार ज्या पॅकर्सकडून खेळले, त्या संघाची हकीकत कोल्हापूरने मुद्दाम ऐकावी. ग्रीन बे हे लाखभर वस्तीचे गाव. 1919 मध्ये स्थानिक पोरांनी संघ काढला, गणवेशाचे पैसे डबाबंद मांस विकणाऱ्या एका कंपनीने दिले आणि तिच्यावरूनच नाव पडले. 1923 पासून संघ लोकांच्या भागभांडवलावर चालतो. त्याला कुणी एक धनी नाही, भागधारकांना लाभांश मिळत नाही, भाग नफ्याने विकताही येत नाही. इतर अनेक संघ धनिकांच्या मर्जीने शहरे बदलत राहिले. पॅकर्स मात्र शंभर वर्षांनंतरही ग्रीन बेमध्येच आहेत आणि त्यांनी चार सुपर बोल जिंकले आहेत.

आपल्याकडे हेच तालमींनी केले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब: या संघांना पेठांनी पोसले. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनी फुटबॉल आपलासा केला आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. विश्वचषक आला की गल्लीगल्लीत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे फलक लागतात, ते याच मातीमुळे. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात दिल्लीला भारतीय संघ अमेरिकेविरुद्ध उतरला, त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. सामना आपण 3-0 असा गमावला, पण तो मुलगा तिथवर पोचला याचे मोल कमी होत नाही. पुणे मराठाजकडे विजेतेपद होते, पेठ नव्हती. माझ्या मते लीग कोमेजण्याचे खरे कारण हेच.

आता दुसरी संधी आली आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेटबरोबर फ्लॅग फुटबॉललाही मान्यता मिळाली. हा अमेरिकन फुटबॉलचाच सौम्य प्रकार. एका बाजूला पाच खेळाडू. धडक मारायची नाही. चेंडूवाल्याच्या कमरेची पट्टी ओढली की तो अडला. हेल्मेट नको, जाड कवच नको. चेंडू, पट्ट्या आणि मोकळे मैदान पुरे. मुलींचीही स्वतंत्र स्पर्धा आहे. कबड्डीत झुकांडी द्यायला शिकलेल्या मुलींना हा खेळ चटकन जमेल.

कोल्हापूरच्या तालमींनी आणि शाळांनी यंदाच्या उन्हाळी शिबिरात आठवडाभर हा खेळ मुलामुलींना खेळू द्यावा.