छत्तीस नंबरची दाढ

"आता दुखायची थांबलीय हो मॅडम. गेल्या आठवड्यात जीव नकोसा झाला होता, आता काही नाही. मग उगाच कशाला?"

घाटकोपर पश्चिमेला भटवाडीतल्या एका छोट्या दवाखान्यात खुर्चीवर रेललेल्या मावशी हे म्हणाल्या. डॉक्टरबाईंनी लगेच उत्तर दिलं नाही, एक्स-रेचा स्क्रीन तेवढा त्यांच्याकडे वळवला. दाढेची दोन मुळं पांढुरकी दिसत होती आणि मागच्या मुळाच्या टोकाशी मटाराच्या दाण्याएवढी काळी सावली होती.

"मावशी, दाढ बरी झालेली नाही. आतली नस मेलीय. मेलेली नस दुखत नाही. पण घाण आहे तिथेच आहे, आणि आता ती खाली हाड खातेय."

डॉक्टर माझी शाळेतली मैत्रीण. तिची आणि पेशंटची परवानगी घेऊन काही संध्याकाळी मी तिच्या दवाखान्यात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होते. या वस्तीत सातारा-सांगलीकडून आलेली माथाडी कामगारांची घरं पुष्कळ, कोकणातलीही आहेत. पाळी संपवून, स्वयंपाक उरकून माणसं इथे सात-आठनंतर येतात. आणि येतात ती ठणका असह्य झाल्यावरच. ठणका थांबला की पुढची तारीख चुकवतात. मैत्रिणीला याचा संताप येत नाही, वाईट वाटतं. त्या संध्याकाळी मावशी निदान आल्या तरी होत्या.

"छत्तीस," ती म्हणाली आणि असिस्टंट मुलीने कागदावर लिहिलं. दातांना असे नंबर असतात. तोंडाचे चार भाग करायचे. पेशंटची वरची उजवी बाजू एक, वरची डावी दोन, खालची डावी तीन, खालची उजवी चार. मग समोरच्या दातापासून मागे मोजत जायचं. खालच्या डाव्या बाजूचा सहावा दात म्हणजे छत्तीस. पहिली मोठी दाढ.

ही दाढ मरते कशी, ते मला त्या खुर्चीशेजारी नीट समजलं. दाताच्या वरच्या कडक कवचाला संवेदना नसते. कीड तिथे असते तोवर काहीच कळत नाही. कवच ओलांडून ती आतल्या मऊ थरात गेली की तिथे आडवी पसरते. म्हणून वरून सुईच्या टोकाएवढं काळं भोक दिसतं आणि आत पार पोकळ झालेलं असतं. पुढे ती नसेपर्यंत पोचते. नस सुजते, पण भोवती दाताच्या भिंती, फुगायला जागा नाही. आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, त्यामुळे दाढ रात्री जास्त ठणकते. मावशींनी तीन रात्री लवंग दाढेखाली धरून काढल्या होत्या. लवंगेने बरं वाटतं ते खरंच आहे. तिच्या तेलातलं युजेनॉल नसेला बधिर करतं, आणि दाताच्या दवाखान्यातल्या तात्पुरत्या सिमेंटमध्येही तेच असतं. दारातून आत आल्याबरोबर येणारा तो ओळखीचा वास लवंगेचाच. पण लवंग कीड काढत नाही. चौथ्या रात्री मावशी शांत झोपल्या, कारण त्या रात्री दुखवायला नस उरलीच नव्हती.

"काढूनच टाका मग," मावशी म्हणाल्या.

हे वाक्य मैत्रीण दिवसातून अनेकदा ऐकते. ती त्यांना समजावत होती. दाढ काढली की मागची दाढ रिकाम्या जागेत कलते, वरची दाढ चावायला समोर कुणी नाही म्हणून खाली उतरू लागते, दोघींच्या फटीत अन्न अडकतं आणि मग त्यांनाही कीड लागते. शेवटी मावशी म्हणाल्या, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." खर्चाचं बोलणं झालं. हप्ते ठरले. ज्यांना तेही जमत नाही त्यांना ती मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात नाहीतर सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवते. तिथे रांग असते, पण काम चांगलं होतं.

एका मुळातली नस मेली तरी दुसऱ्यात जीव असू शकतो, म्हणून आधी भूल दिली. मग दाढेवर रबराचा निळा पडदा चढवला. त्याला एकच भोक, त्यातून फक्त छत्तीस नंबर वर आलेली. बाकीचं तोंड दिसेनासं झालं. ड्रिलचा तो बारीक, कानात शिरणारा आवाज सुरू झाला, पाण्याचे तुषार उडाले, आणि दाढेचं छत उघडलं तसा मास्कमधूनसुद्धा कुजका वास आला. मावशींनी डोळे मिटून घेतले होते. हात मात्र पदराला घट्ट धरून होते.

मग आवाज थांबला आणि खरं काम सुरू झालं. त्या कामात आवाजच नसतो. केसाहून थोडी जाड अशी फाइल, मागे रंगीत मूठ, मैत्रिणीच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या चिमटीत. पांढरी पंधरा नंबरची, पिवळी वीस, लाल पंचवीस. पंचवीस म्हणजे टोकाला पाव मिलिमीटर. अशी एकेक फाइल मुळाच्या नळीत उतरवायची, पाव वेढा फिरवायची, वर ओढायची, पुसायची. खालच्या दाढेत अशा नळ्या बहुधा तीन असतात, कधी चार, आणि चौथी राहून गेली तर सगळी मेहनत वाया. शेजारी एक छोटं यंत्र टिकटिक करत होतं. फाइल मुळाच्या टोकाशी आली की त्याचा आवाज बदलतो. तो बदलला तशी मैत्रीण थांबली, फाइल बाहेर काढली, पट्टीवर ठेवली. "एकवीस," ती म्हणाली. एकवीस मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर पुढे गेलं तर हाडाला टोचतं, दोन मिलिमीटर आधी थांबलं तर घाण मागे राहते. मध्ये मध्ये सिरिंजने औषधी पाणी आत सोडत होती. पोहण्याच्या तलावाला येतो तसा क्लोरीनचा वास. पाणी गढूळ येत होतं, मग कमी गढूळ, मग स्वच्छ. ते स्वच्छ येईपर्यंत ती मान वर करत नाही. पाऊण तास झाला होता.

आत औषध ठेवून, लवंगेच्या वासाचं सिमेंट वर लावून मावशींना आठवड्याने यायला सांगितलं.

त्या आठवड्यात बरंच काही पाहिलं. हिरडीतून रक्त येतं म्हणून ब्रश करणंच सोडलेल्या एक ताई होत्या. सोडल्यामुळे कीटण वाढलं, कीटणामुळे रक्त आणखी वाढलं. साफ केलं की दात हलतात, ही त्यांची भीती. हिरडी आणि हाड आधीच खाली गेलेलं असतं, कीटणाने दात नुसते लिंपून धरलेले असतात, हे त्यांना आरशात दाखवावं लागलं. मशेरी लावून काळे दात झालेल्या एक आजी होत्या. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, तिने दात मजबूत होतात हा समज आपल्या घराघरात कुणी घातला कोण जाणे. आणि चाळिशीचा एक माथाडी कामगार होता. तीन बोटं उभी तोंडात जायला हवीत, त्याच्या तोंडात जेमतेम दीड जात होतं. वीस वर्षं मावा. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 मध्ये बंदी आली, पण सुपारी, तंबाखू आणि चुना चोळून मावा करायला कारखाना लागत नाही. आणि नुसती सुपारीही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच तिला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलं. गालाच्या आतली कातडी दोरीसारखी ताठ झाली होती. मैत्रिणीने त्याच्यासाठी चिठ्ठी लिहिली, त्याच्या बायकोलाही बोलावून घेतलं आणि दोघांशी फार हळू बोलली.

आठवड्याने मावशी आल्या त्या नातवाला घेऊन. सात वर्षांचा. घरी कुणी नव्हतं, म्हणून आणला. तो माझ्या स्टुलाशी उभा राहून सगळं बघत होता.

नळ्या कागदाच्या बारीक काड्यांनी कोरड्या केल्या आणि मग चिमट्यात एक गुलाबी काडी आली. गटापर्चा. मलायातल्या एका झाडाचा चीक. 1870 मध्ये समुद्राच्या तळावरून मुंबईपर्यंत तारायंत्राची केबल आली तेव्हा तांब्याच्या तारेत पाणी शिरू नये म्हणून हाच चीक तिच्याभोवती होता. शरीर त्याला नाकारत नाही, पाणी त्यात शिरत नाही. तीन काड्या तीन नळ्यांत बसल्या, वरचं टोक तापल्या हत्याराने कापलं. एक्स-रेत मुळांत तीन स्वच्छ पांढऱ्या रेघा दिसल्या.

"आता कॅप, मावशी. ही दाढ आता ठिसूळ आहे. कॅप नाही बसवली तर एक दिवस चकली खाताना उभी चिरेल, मग मला काही करता येणार नाही." हे मला अनुभवाने माहीत आहे. माझी दाढ अशीच, कॅपचा कंटाळा केल्यामुळे, गेली.

मावशींच्या ओठाला भूल होती, त्या नुसती मान हलवत होत्या. मैत्रिणीने हातमोजे बदलले आणि नातवाकडे पाहिलं. "तू पण बस रे इथे. आ कर."

त्याच्या दुधाच्या दाढांमागे एक नवी दाढ आलेली होती. पांढरीशुभ्र, खोल खाचांची.

"मावशी, बघा. छत्तीस."

मावशी उठून जवळ आल्या. "दुधाचीच ना? पडेल की."

हीच गफलत घरोघरी होते. सहाव्या वर्षाच्या आसपास येणारी ही दाढ कुठलाही दुधाचा दात न पाडता, शेवटच्या दाढेमागे गुपचूप उगवते. आई-बापाला पत्ता नसतो. ती कायमची आहे हेही ठाऊक नसतं. पहिली येते, खाचा सगळ्यांत खोल, पोराचा ब्रश तिथपर्यंत जात नाही, म्हणून सर्वांत आधी किडते. मावशींचीही अशीच, पन्नास वर्षांपूर्वी, गावाकडे कुणाच्या लक्षात न येता आली असणार.

मैत्रीण मावशींना सांगत होती, हळूहळू, प्रत्येक गोष्ट दोनदा. रात्री झोपताना ब्रश तुम्ही स्वतः करून द्यायचा, आठ वर्षांचा होईपर्यंत. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचा ब्रश सकाळच्यापेक्षा महत्त्वाचा. वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट. बिस्किट, चॉकलेट, चहा द्यायचा तर जेवणाबरोबर एकदाच, दिवसभर थोडं थोडं नाही. गोड तोंडात गेलं की पुढचा अर्धा तास तोंडात आम्ल राहतं, दिवसातून आठदा खाल्लं तर चार तास झाले.

"आमच्याकडे चहा सहादा होतो," मावशी जड ओठांनी म्हणाल्या.

"दोनदा करा. सगळ्यांचाच."

मग तिने त्या नव्या दाढेला निळं जेल लावलं, धुतलं, वाऱ्याने सुकवलं. दाढ खडूसारखी पांढरी दिसू लागली. खाचांत दुधासारखं पातळ सीलंट सोडलं आणि निळा दिवा धरला. असिस्टंट मुलगी मोजू लागली. पोराने डोळे गच्च मिटले. वीस झाले तशी ती थांबली.

त्याने लगेच जीभ मागे नेली.

"आजी, गुळगुळीत लागतंय."

मावशींनी हातातल्या पिशवीतून डायरी काढली आणि कॅपची तारीख विचारली.